मालिका संपल्यावरचे तीन सेकंद

जुन्या बाजारात रविवारी ऊन चढायच्या आत गेलं की भंगारातही निवड करता येते. गेल्या दिवाळीनंतर तिथे एका पोत्यावर नळाच्या तोट्या, घड्याळाचे पट्टे आणि एका पायाची बाहुली यांच्यामध्ये चार व्हीएचएस कॅसेट पडलेल्या दिसल्या. एकीच्या कडेला निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, ‘चिनूची कार्टून. पुसू नये.’ नुसतं लिहून भागलं नव्हतं. कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा मोडून टाकली होती, म्हणजे चुकूनही कुणी वर दुसरं काही रेकॉर्ड करायला नको. पन्नास रुपयांत चारही उचलल्या.

घरचा व्हीसीआर अजून चालतो. म्हणजे हेड स्पिरिटने पुसलं आणि त्याच्या मनात असलं तर चालतो. चिनूचे बाबा (बाबाच असणार, माझी खात्री आहे) भारी शिस्तीचे. जाहिरात लागली की पॉज. कार्टून संपून नावं वर सरकायला लागली की स्टॉप. १८० मिनिटांची टेप, ती काय लोकांची नावं बघण्यात घालवायची? तास-दीड तास असंच चाललं. शेवटच्या कार्टूनच्या वेळी मात्र बाबांना डुलकी लागली असावी. नावं सरकून गेली, पडदा अंधारला आणि प्रकाशाच्या रंगीत रेघा गरगरत येऊन त्यांचा एक तारा झाला. खाली अक्षरं, ‘हॅना-बार्बेरा’. सगळं मिळून चार-पाच सेकंद.

माझ्या अंगावर काटा आला. लहानपणी हा तारा दिसला की आमच्याकडे टीव्ही बंद व्हायचा आणि पाढे म्हणायला बसावं लागायचं. तेव्हा तो तारा कुणाचा, कार्टून संपल्यावरच का येतो, हे विचारायचं कधी सुचलं नाही. आता सुचलं, आणि उत्तर शोधता शोधता टीव्हीच्या धंद्याचा अर्धा इतिहास हाती लागला.

इंग्रजीत याला क्लोजिंग लोगो म्हणतात. आपण ‘शेवटची पाटी’ म्हणू. पाटी कुणाची, हे कळायला आपला वाडा डोळ्यांसमोर आणा. वाड्याला एक मालक असतो. आत भाडेकरू राहतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दारावर त्या भाडेकरूचंच नाव दिसतं. मध्ये एखादा एजंट असतो, तो जागा रिकामी झाली की नवा भाडेकरू आणतो. टीव्हीत मालिका म्हणजे वाडा. ती दाखवणारं चॅनल हा बऱ्याचदा भाडेकरू. ती बनवणारी निर्मितीसंस्था हा मालक. आणि ती पुढे गावोगावच्या चॅनलना विकत फिरणारी वितरण कंपनी हा एजंट. आपण आयुष्यभर चॅनलचं नाव घेत राहतो, कारण ते पडद्याच्या कोपऱ्यात चोवीस तास असतं. मालकाचं नाव शेवटच्या पाटीवर येतं आणि तोवर आपण चपला शोधत असतो. थोडक्यात, ती पाटी म्हणजे मालिकेचं प्रॉपर्टी कार्ड.

पण प्रॉपर्टी कार्ड शेवटी का? सिनेमात तर उलटं असतं. पुणेकराला हे वेगळं सांगायला नको, कारण आपल्याकडच्या सर्वांत सुंदर बोधचिन्हांपैकी एक इथलंच आहे. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या प्रत्येक बोलपटाच्या आधी तुतारी फुंकणारी ती स्त्री पडद्यावर यायची. आज त्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि प्रभातचं नाव रस्त्याला उरलंय, पण तुतारीवाली डोळ्यांपुढे लगेच उभी राहते. थिएटरातल्या माणसाने तिकीट काढलेलं असतं, दिवे गेलेले असतात, तो उठून कुठे जाणार? त्याला तुतारी ऐकवायला सवड असते. टीव्हीपुढचा माणूस मात्र केव्हाही बटण फिरवू शकतो. त्यामुळे पहिले सेकंद गोष्टीचे. त्यातूनही उरलेली जागा अमेरिकेत १९५० च्या दशकात प्रायोजकाची असे. साबण, सिगारेट, मोटारी यांच्या कंपन्या अख्खा कार्यक्रम पुरस्कृत करत आणि कधीकधी कार्यक्रमाच्या नावातच बसत. बनवणाऱ्याच्या वाट्याला उरलं शेपूट.

त्या शेपटाला किंमत आली ती एका नवरा-बायकोमुळे. ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ या नट-नटींनी १९५० मध्ये ‘देसिलू’ नावाची कंपनी काढली. नावात दोघेही, पुण्यात बंगल्यांना मुलांची नावं जोडून ठेवतात तसं. १९५१ साली त्यांची ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका सुरू झाली तेव्हा अमेरिकन टीव्ही बराचसा न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायचा. तीन तास मागे असलेल्या पश्चिम किनाऱ्यासाठी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्रीकरण करत आणि ती अंधूक प्रत दाखवत. या दोघांना न्यूयॉर्कला जायचं नव्हतं. त्यांनी लॉस एंजेलिसमध्येच प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून, चांगल्या ३५ मिलिमीटर फिल्मवर मालिका चित्रित करायचं ठरवलं. खर्च वाढला. मग त्यांनी आपल्या मानधनातून आठवड्याला १००० डॉलर कमी घ्यायचं कबूल केलं आणि बदल्यात मालिकेची मालकी मागून घेतली. चॅनलवाल्यांनी आनंदाने दिली. एकदा दाखवून झालेल्या मालिकेला कोण विचारणार, असा तेव्हाचा हिशोब.

तो हिशोब चुकला. ल्युसिल बॉल बाळंतपणासाठी सुट्टीवर गेल्या तेव्हा जुने भाग पुन्हा दाखवले, आणि लोकांनी ते पुन्हा पाहिले! फिल्मवर असलेली मालिका परत परत भाड्याने देता येते, हे कळल्यावर १९५७ पर्यंत देसिलूकडे इतका पैसा आला, की त्यांनी आरकेओ या बड्या फिल्म कंपनीचा स्टुडिओच विकत घेतला. आमच्या दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात ‘स्टार ट्रेक’ लागायची, तीही मूळची देसिलूची. १९६७ मध्ये देसिलू विकली गेली आणि तिची पॅरामाउंट टेलिव्हिजन झाली, म्हणून त्या मालिकेच्या आधीच्या भागांच्या शेवटी एक नाव आहे आणि नंतरच्या भागांच्या शेवटी दुसरं. कथेत काडीचा फरक नाही, कॅप्टन तोच. वाडा विकला गेलेला फक्त पाटीवर कळतो.

सुरुवातीच्या पाट्या साध्या होत्या, काळ्या पडद्यावर अक्षरं. माझी आवडती त्यातली थोडी वेगळी आहे. जॅक वेब या नट-निर्मात्याच्या ‘मार्क सेव्हन’ची. दोन घामट हात दिसतात. एका हातात छिन्नीसारखा ठसा, दुसऱ्यात हातोडा. दोन ठोके पडतात, ठण् ठण्, हात बाजूला होतात आणि धातूच्या पत्र्यावर रोमन सात उमटलेला असतो. संगीत नाही, झगमगाट नाही. कसब्यातल्या तांबट आळीतून कधी गेला असाल तर तो आवाज तुम्हाला अर्थासकट कळेल. हे आम्ही हाताने केलंय, एवढंच तो सांगतो.

मग आलं १९७० साल. अमेरिकेत तेव्हा तीनच मोठी नेटवर्क होती, एनबीसी, सीबीएस आणि एबीसी. प्रेक्षक यांच्याच हातात, त्यामुळे निर्माते यांच्या दारात रांगेत उभे. दूरसंचार आयोगाने नियम केला, की नेटवर्कनी बाहेरून घेतलेल्या मालिकेत पैशाचा हिस्सा ठेवायचा नाही आणि ती पुढे विकायचा धंदाही करायचा नाही. भाडेकरूने भाडेकरूच राहायचं. मालिका पहिल्यांदा आणि फार तर आणखी एकदा दाखवून झाली, की ती पूर्णपणे मालकाची.

इथे एक गोम आहे. नेटवर्क देत असलेल्या पैशांत मालिकेचा सगळा खर्च निघत नसे. निर्माता तोट्यात मालिका करायचा आणि शंभरेक भाग होईपर्यंत दम धरायचा. शंभर भाग हातात आले की रोज एक याप्रमाणे गावोगावच्या स्थानिक स्टेशनना ती विकता यायची, आणि खरा पैसा तिथे. फिल्मची रिळं डब्यांत घालून एका गावाहून दुसऱ्या गावी जायची. रीळ कोणत्याही स्टेशनवर पोचो, तिथलं चॅनल कोणतंही असो, शेवटच्या तीन सेकंदांत मालकाचं आणि एजंटचं नाव असणारच, कारण ते फिल्मलाच जोडलेलं. १९७० नंतर छोट्या-मोठ्या स्वतंत्र कंपन्या उगवल्या आणि प्रत्येकीला पाटी हवी झाली. या पाट्यांचा सुवर्णकाळ सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतला का, याचं उत्तर हे असं एका सरकारी नियमात आहे.

सीबीएसला आपला विक्रीचा विभाग कापून वेगळा करावा लागला. १९७१ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली, तिचं नाव व्हायकॉम. १९७६ पासून तिची जी पाटी यायची तिला पुढे शौकिनांनी ‘विनाशाचा व्ही’ असं नाव ठेवलं. नगाऱ्यावर थाप पडते आणि भलंमोठं व्ही अक्षर थेट अंगावर धावून येतं. हे परक्याचं वाटत असेल तर पुढचं ऐका. याच व्हायकॉमने १९९४ मध्ये पॅरामाउंट घेतली आणि २००० साली चक्क सीबीएस, म्हणजे लेकीने बापाचं घर विकत घेतलं. आणि भारतात २००७ मध्ये जी व्हायकॉम एटीन स्थापन झाली तिच्या नावातला पहिला अर्धा भाग तोच. २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं ते याच छत्राखाली. आपल्या आज्या ज्या चॅनलवर सासू-सुनांची भांडणं बघत होत्या, त्याच्या मागे तो अंगावर येणारा व्ही होता.

आता भीतीचं बघू, कारण या पाट्यांवर लोकांचं जे काही प्रेम आहे ते बरंचसं लहानपणच्या भीतीतून आलंय. सगळ्यांत बदनाम पाटी स्क्रीन जेम्सची, १९६५ ते १९७४ मधली. कोलंबिया पिक्चर्सची ही टीव्ही शाखा. पडद्यावर दोन तिरके चौकोन येतात, मध्ये ठिपका, आणि त्यांचा एस तयार होतो. एवढंच. पण त्यावर एरिक सिडे यांनी केलेली सिंथेसायझरची काही सुरांची धून आहे. सिडे मूळचे व्हायोलिनवादक, नंतर इलेक्ट्रॉनिक संगीतात शिरलेले. त्या काळी सिंथेसायझरचा आवाज घरात कुणी ऐकलेला नव्हता. विनोदी मालिका, हसणारी माणसं, गोड शेवट, आणि लगेच पुढच्या क्षणाला ज्याचं वाद्य ओळखता येत नाही असा आवाज. मुलं सोफ्यामागे लपत. ‘नरकातला एस’ हे नाव त्यांनीच मोठेपणी ठेवलं आणि २०१० मध्ये त्या भीतीवर एक लघुपटसुद्धा निघाला.

यात अंधश्रद्धेचं काही नाही, कारणं साधी आहेत. कंपनीला तीन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात गेलेल्या माणसाच्याही कानावर पडायचंय. म्हणून सूर हळूहळू वर चढत नाहीत, एकदम आदळतात. पडदा बहुधा काळा किंवा गडद निळा, म्हणजे खोलीतला उजेड अचानक पडतो. अक्षर दुरून जवळ येतं, आणि वेगाने मोठी होत जाणारी वस्तू बघून दचकणं माणसाच्या अंगातच आहे. त्यात मूल टीव्हीच्या दोन फुटांवर मांडी घालून बसलेलं. कुठल्याही आईला विचारा, मुलं नेहमी तिथेच बसतात.

थोड्या सुरांत ओळख ठसवायची युक्ती त्याहून जुनी आहे, रेडिओची. एनबीसीचे तीन सूर आपल्या भाषेत सांगायचे तर मंद्र पंचम, मग वरचा गंधार, मग षड्ज. मुळात ते स्टेशनांना ‘आता जोडणी बदला’ असं सांगण्यासाठी वाजवत. पुढे तीच कंपनीची ओळख झाली आणि १९५० मध्ये अमेरिकेत त्याची नोंदणी झाली. केवळ आवाज असलेलं तिथलं हे पहिलं नोंदणीकृत चिन्ह. पेटी असेल घरात तर वाजवून बघा, प ग सा. तीन पट्ट्यांत काम होतं.

चिनूच्या कॅसेटमधला तारा १९७९ चा, आणि तो कॉम्प्युटरवर केलाय असं म्हटलं तर अर्धं खरं. यंत्राचं नाव स्कॅनिमेट. त्यात आजच्यासारखे आकडे, कोड वगैरे काही नव्हतं. काळ्यावर पांढरं, किंवा पांढऱ्यावर काळं, असं चित्र एका कॅमेऱ्यासमोर धरायचं. ते एका बारीक रेघांच्या पडद्यावर उमटायचं. मग त्या पडद्याला जाणारा विजेचा दाब खुंट्या फिरवून कमी-जास्त करायचा, की चित्र वळायचं, ताणलं जायचं, गरगरायचं. तो पडदा दुसऱ्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपायचा आणि रंग वरून चढवायचे. तंबोरा लावताना खुंटी केसभर पिळली की सूर बदलतो, तसं काम. हवं ते एकदा साधलं की लगेच रेकॉर्ड करायचं, कारण खुंटीची तीच जागा पुन्हा सापडेल याची हमी नाही. सत्तरच्या दशकातल्या पाट्यांना जो तो वितळल्यासारखा, निऑनसारखा झोत असतो तो याच यंत्रांचा.

तो तारा पुण्यात कसा पोचला, याचं उत्तरही मालकीतच आहे. हॅना-बार्बेरा ही कार्टून बनवणारी कंपनी १९९१ मध्ये टर्नर कंपनीने घेतली. त्याआधी १९८६ मध्ये टर्नरने एमजीएमचा जुना चित्रपटसाठा घेतलेला होता, त्यात ‘टॉम अँड जेरी’ आली. एवढी कार्टून गोडाउनमध्ये पडून आहेत म्हटल्यावर १९९२ मध्ये त्यांच्यासाठी एक अख्खं चॅनलच काढलं, कार्टून नेटवर्क. ते १९९५ मध्ये भारतात आलं. दिवसा कार्टून, आणि रात्री त्याच जागी टीएनटी या दुसऱ्या चॅनलचे इंग्रजी चित्रपट. त्याच वर्षी सोनीचं हिंदी चॅनल सुरू झालं आणि त्यावर बाटलीतली जिनी हिंदीत बोलायला लागली. ‘आय ड्रीम ऑफ जिनी’ ही तीस वर्षं जुनी अमेरिकन मालिका जपानी कंपनीच्या हिंदी चॅनलवर कशी? तर ती स्क्रीन जेम्सची, स्क्रीन जेम्स कोलंबियाची, आणि कोलंबिया १९८९ मध्ये सोनीने विकत घेतलेली. त्या ‘नरकातल्या एस’ची नात आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत संध्याकाळी नाचून जायची आणि आम्हाला पत्ता नव्हता.

वाडा विकला गेला की नवा मालक आधी काय करतो? पाटी बदलतो. मालिकांचंही तेच. फिल्मची शेवटची काही फूट कापायची आणि नव्या कंपनीची पाटी जोडायची. शौकीन लोक याला गिलावा म्हणतात, जुन्या भिंतीवर नवा लेप. हॅना-बार्बेराच्या पहिल्या मालिकांवर मुळात पाटी स्क्रीन जेम्सचीच असायची, कारण वितरण त्यांच्याकडे होतं. नंतर मालक बदलत गेले तसे लेपही चढत गेले. कधी घाईत काम केलं तर जुनं संगीत पुसायचं राहतं आणि पडद्यावर एका कंपनीचं नाव, कानावर दुसऱ्या कंपनीची धून. जुन्या प्रतीचं वय काढायला या चुका फार उपयोगी पडतात, तळाशी रोमन आकड्यांत लिहिलेल्या सालाइतक्याच.

सगळ्याच पाट्या घाबरवत नाहीत. अभिनेत्री मेरी टायलर मूर आणि त्यांचे पती ग्रँट टिंकर यांची कंपनी एमटीएम. नाव एमजीएमसारखं वाटलं ना? मुद्दामच. एमजीएमचा सिंह डरकाळी फोडतो, यांच्या पाटीत त्याच थाटात मांजरीचं पिल्लू म्यॅव करतं. पिल्लू अनाथ प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेलं, नाव मिम्झी. पोलिसांच्या मालिकेत तिला पोलिसी टोपी, इस्पितळाच्या मालिकेत तोंडाला डॉक्टरांचा मास्क. ती इस्पितळाची मालिका १९८८ मध्ये संपली तेव्हा शेवटच्या नावांबरोबर मिम्झी यंत्रांना जोडलेली दिसली, आणि नावं संपता संपता तिच्या हृदयाची रेघ सपाट झाली. विनोद म्हणून ठीक आहे, पण मला तो आवडला नाही.

गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग यांनी आपल्या काळ्या लॅब्राडॉरचा फोटो लावला आणि स्वतःच्या आवाजात ‘बस, उबू, बस. शहाणा कुत्रा!’ म्हटलं. मग एक भुंकणं. ‘एक्स फाइल्स’ संपली की एका लहान मुलाचा आवाज यायचा, ‘हे मी केलं!’ अंगावर शहारे आणणाऱ्या तासाभरानंतर ते वाक्य फार गोड वाटायचं. आणि चक लॉरे. ‘बिग बँग थिअरी’वाले. १९९७ पासून हे गृहस्थ शेवटच्या पाटीवर मजकूर लिहितात. कधी तक्रार, कधी कबुली, कधी चॅनलवर टोमणा. बारीक अक्षरांत भलामोठा मजकूर आणि दाखवायचा सेकंदभर. वाचायचा असेल तर रेकॉर्ड करा आणि पॉज करा. हा माणूस पुण्यात जन्मायला हवा होता, फाटकावर काय काय लिहिलं असतं.

मग आपल्याकडे असं का झालं नाही? आपल्याला आठवतात त्या सिनेमाच्या तुताऱ्या, शीर्षकगीतं, दूरदर्शनचं ते फिरत येणारं चिन्ह आणि त्यावरची धून. पण मराठी मालिकेच्या शेवटची पाटी आठवून सांगा म्हटलं तर गाडी अडते.

सुरुवातीला कारण उघड होतं. १९७२ मध्ये मुंबई केंद्र सुरू झालं, सिंहगडावरच्या टॉवरमुळे ते आपल्याला दिसायला लागलं, आणि तेव्हा वाडाही सरकारचा, भाडेकरूही सरकार. ‘निर्माता’ ही दूरदर्शनमधली नोकरी होती. पगारी माणूस स्वतःची पाटी कशी लावणार? त्याचं नाव शेवटी यायचं ते कर्मचारी म्हणून.

१९८४ मध्ये ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिका आल्या. मागे मॅगी नूडल्स उभी होती. या पद्धतीत बाहेरचा निर्माता मालिका बनवायचा, जाहिरातींच्या वेळेतून पैसे उभे करायचा, आणि बऱ्याचदा हक्क त्याच्याकडेच राहायचे. १९८७ च्या ‘रामायणा’चंच बघा. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं तेव्हा ज्या दूरदर्शनवर ते गाजलं त्यालाच ते सागर कुटुंबाकडून घ्यावं लागलं. तेवढी काही वर्षं आपला निर्माता अमेरिकन अर्थाने मालक होता.

१९९२ मध्ये झी टीव्ही आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी, आणि गणित पालटलं. आता चॅनल निर्मात्याला सांगतं, आम्हाला अशी मालिका हवी, दर भागाला इतके पैसे. निर्मात्याचा तोटा नाही, शंभर भागांपर्यंत दम धरायचा प्रश्न नाही, महिन्याला पैसे येतात. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम असं आहे, की मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्रपट बनवला, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्याचा पहिला मालक तो बनवून घेणारा. व्हिडिओसुद्धा यात आला. करारही सहसा त्याच बाजूचे असतात. म्हणजे वाड्याची उपमा इथे उलटी होते. चॅनल हे मालक, आणि निर्मितीसंस्था ही ठेका घेऊन बांधकाम करून देणारी. कंत्राटदाराचं नाव इमारतीवर कितीसं मोठं असतं? बालाजी टेलिफिल्म्ससारखा एखादा अपवाद, ज्यांच्या पाटीवरची तिरुपतीची प्रतिमा लोकांना ओळखता येते. बाकीच्यांची नावं रोलरमध्ये सरकून जातात.

अमेरिकेतही ते दिवस संपले. १९७० चा तो नियम १९९३ पासून सैल होत १९९५ पर्यंत गेला, नेटवर्क पुन्हा मालक झाली. त्याच सुमारास, १९९४ मध्ये, एनबीसीने शेवटची नावं पडद्याच्या एका बाजूला दाबली आणि उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमाची झलक दाखवायला सुरुवात केली, म्हणजे रिमोट हातात असलेला माणूस पळायला नको. दाबलेल्या नावांत पाटी दिसणार कशी आणि ऐकू येणार कशी? आता तर पाच सेकंदांत पुढचा भाग आपोआप सुरू होतो. नेटफ्लिक्सचं ‘टुडुम’ पुढे येतं, अगदी तुतारीच्या जागी. कारण तिथला माणूस बटण दाबून स्वतःहून आत आलेला असतो, तिकीट काढल्यासारखा.

परवा आईकडे गेलो होतो. साडेआठची मालिका संपत होती. नावांचा रोलर पडद्याच्या खालच्या पट्टीत इतक्या वेगाने धावत होता की माझ्या चष्म्यालाही पकडता येईना, वर पुढच्या मालिकेतली नायिका रडायला लागली होती, आणि आई कुकर लावायला उठली होती. ही मालिका ती चार वर्षं बघतेय. एकही भाग चुकलेला नाही.

“कुणाची गं ही मालिका?” मी विचारलं.

“कुणाची म्हणजे?”

“म्हणजे बनवतं कोण?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दूध कोण देतं विचारलंय. “चॅनलची. आणखी कुणाची असणार?”

कायद्याने बघितलं तर तिचं बरोबरच होतं.